अंगठ्यावर नजर

वर्षाली अमरावतीला कॉलेजच्या संघात कबड्डी खेळलेली. चढाईला आलेली मुलगी कुणीकडे झेपावणार, हे तिला त्या मुलीच्या पायाच्या अंगठ्यावरून आधीच कळायचं. अंगठा मातीत जरासा रुतला की पुढच्या क्षणी घोटा वर्षालीच्या हातात.

लग्न होऊन ती तेल्हाऱ्याला आली, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायकांनी सासवा विरुद्ध सुना असा कबड्डीचा सामना ठेवला. हरतील त्यांनी उन्हाळा लागेपर्यंत रोज सकाळचा चहा करायचा.

“आपल्याले काय टेन्शन नाई, वर्षाली हाय ना,” शेजारची सून पौर्णिमा म्हणाली.

गुण बरोबरीत आले आणि शेवटच्या चढाईला वर्षालीच्या सासूबाई, बेबीताई, उतरल्या. त्यांची गोल साडी पार जमिनीला टेकलेली. वर्षाली वाकून अंगठा शोधतच राहिली, तेवढ्यात तिच्या पाठीत धपाटा बसला आणि सासूबाई रेघ ओलांडून परतसुद्धा गेल्या.



“पोरी, माहे पाय पाह्याचे असतीन,” धापा टाकत बेबीताई म्हणाल्या, “तं उद्या सकाळी चहा घेऊन ये, अन् पाया पडता पडता पाह्यजो.”