दहापैकी साडेचार

"दुखलं की आकडा सांगायचा, बाई. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही. आणि खोटं बोलायचं नाही." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनं बजावलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्या तरी बाई शब्दाला पक्क्या होत्या.

आता पोटावर वीतभर टाके होते आणि बाई आकडा सांगत होत्या. सकाळी चार. दुपारी साडेचार. सिस्टर तेवढ्यापुरती गोळी देई आणि पुढच्या खाटेकडे वळे. बाईंच्या कपाळावर घाम होता, चादर मुठीत आवळलेली होती, श्वास गळ्यापाशीच मागे फिरत होता. डॉक्टरांनी आज दारापर्यंत चालायला सांगितलं होतं. ठणका जरा उतरू द्या, नक्की जाईन, असं बाईंनी कबूल केलं होतं. बाहेर येऊन डॉक्टर मुलाला म्हणाले, त्या खोकत नाहीत, हलत नाहीत, असंच राहिलं तर छातीत कफ धरेल. अंग तापायला लागलंच आहे.

मुलाला वाटलं, कारण आपल्याला ठाऊक आहे. दुखणं थांबवणाऱ्या पंपाचे पैसे वेगळे पडणार होते, आणि तो कागद त्यानं आईसमोरच मोठ्यानं वाचला होता. तो खाटेशी बसून विनवत राहिला. पैशांची सोय झालीय, जन्मभर काटकसर केलीस, निदान दुखण्यात तरी करू नकोस. बाई म्हणाल्या, लाव की पंप, नको कोण म्हणतंय? पण तेवढा आकडा तर यायला हवा. मुलानं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात सून आली. ती शाळेत बाईंच्याच वर्गात होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिच्या तोंडात 'बाई'च. तिनं नवऱ्याचं ऐकून घेतलं, त्या मुठीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"बाई, इतक्या वर्षांत दहापैकी सगळ्यांत जास्त गुण किती दिलेत तुम्ही?"

बाईंनी डोळे मिटून आठवलं. "पाच. एकदाच."

सून सिस्टरला बोलवायला धावली.

पंप लागला. तासाभरानं मूठ आपोआप सुटली. छातीभर श्वास आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. बाई खोकल्या, चांगल्या दोनदा, आणि ते ऐकून मुलगा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला. सून त्याला हसत सांगत होती, सातवीत निबंधाला दहापैकी पाचच मिळाले म्हणून आपण घरी जाऊन जेवलोसुद्धा नव्हतो.

बाईंनी सावकाश पाय खाली सोडले. सुनेनं दंड धरला.

"ते पाच तुझेच होते गं," बाई म्हणाल्या. "निबंध दहाच्या तोलाचा होता."

आणि त्या दाराकडे चालायला लागल्या.