गुप्त आकडा

बोंडअळीची मदत खात्यात जमा झाली त्याच दुपारी मानीबाईंना एका अत्यंत अदबशीर गृहस्थाचा फोन आला. त्याला त्यांचे नाव ठाऊक होते, शेताचा गट नंबर ठाऊक होता, अळीने किती कपाशी खाल्ली तेही ठाऊक होते. "मॅडम, आत्ता मोबाइलवर आलेला गुप्त आकडा तेवढा सांगा. नाहीतर मदत सरकारकडे परत जाईल."

मानीबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे दारातूनच तांड्याला हाक घातली, "अरे, माहा आकडा आला, कोनी वाचून द्या रे!" अर्धा तांडा ओट्यावर गोळा झाला. दीर शंकरसिंगांनी फोन कानाला लावला, क्षणभर ऐकले आणि हसतच तो बंद केला. "भाभी, सरकार तुले मॅडम कधीपासून म्हनते व?"

मानीबाईंनी घरोघरी गूळ वाटला.

आठवड्याने, मदतीचे अर्ज संगणकावर भरून घेणाऱ्या कंपनीचे साहेब यवतमाळहून सुरक्षेवर व्याख्यान द्यायला तांड्यावर आले. मानीबाईंनी उरलेला गूळ त्यांच्याही हातावर ठेवला.

"आकडा कोणाला सांगितला नाही ना, बाई?" साहेबांनी दरडावले.

"साऱ्या तांड्याले दाखवला, साहेब. त्यायच्याच उपकारानं वाचली मी." मानीबाईंनी हात जोडले. "नाव, वावर अन् अळी मात्र फक्त तुमच्याच कम्प्युटरले सांगतली होती."