बारा तारा, दोन हात

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हा म्हाताऱ्या शिंप्याने आपली बारा तारांची गिटार विकायला काढली. ती घ्यायला एक तरुण नर्स आली. तिने मांडीवर घेऊन वाजवून पाहिली, पण जोडीजोडीने बसवलेल्या तारा तिच्या बोटांना दाद देईनात. शिंप्याला राहवेना. तो तिच्या डावीकडे स्टूल ओढून बसला आणि त्याने चांगल्या हाताने तारा दाबल्या. “तू फक्त छेड, पोरी.” तिने छेडल्या. आधी दोघं अडखळली, मग गाणं सुरळीत चालू लागलं. स्वयंपाकघरातून त्याची बायको ओले हात पुसत आली आणि दारातच थांबली. वर्षभर या घरात सूर उमटला नव्हता. गाणं संपल्यावर नर्सने पैसे दिले, गिटार खांद्याला अडकवली. “काका, रविवारी हिला आणू? तुम्ही रिकामे असता ना?” शिंप्याने डावा हात वर केला. “हा असतो.”