विमानाचे दिवे

संगणकावरच्या खेळात विमान उडवणाऱ्या जावईबापूंची कॅप्टनची बढती पुन्हा हुकली. विमान ऑटोपायलटवर सोडून ते चहा आणायला उठले, की परत येईपर्यंत पडद्यावर दंड हजर: 'उड्डाणात बाहेरचे दिवे बंद.' त्यांनी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, टेबलावरचा, विमानाचे दिवे लावायच्या बटणांचा बोर्ड बदलून आणला, खेळ बनवणाऱ्या कंपनीला खरमरीत मेलही धाडला. "कुणीतरी अक्कल गहाण टाकलेल्या माणसाचं काम आहे हे!" कप आपटत ते गरजले.



लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "ती बटणं मीच बंद करते, जावईबापू. माणूस उठून गेल्यावर दिवे जळत ठेवू नयेत, एवढी अक्कल अजून गहाण नाही टाकलेली मी."