सुतकाची भाकर

१९१८ च्या तापाच्या साथीत एरंडोलचा नवा, तरणा डॉक्टर मोरेश्वर सगळ्या गल्ल्या पालथ्या घाली. मंजुळाबाईची गल्ली तेवढी टाळायचा. तिचा मुलगा झिपरू चार दिवसांपूर्वी त्याच्याच हातात दगावला होता. तेव्हापासून खोलीवर आला तरी डॉक्टरचं बूड टेकत नसे. हात धुवायचे, येरझाऱ्या घालायच्या, पुन्हा हात धुवायचे.

आज भरदुपारी मंजुळाबाईच दारात उभी राहिली. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

“चार दिन झायात, तुनी चूल पेटनी नही, आसं शेजारनी सांगे. तुना घरमा कोन मरनं, दादा?”

“कोणी नाही, अक्का. भूकच लागत नाही.”

ती उंबऱ्यावर टेकली. पदराखालून तिनं अर्धी भाकर काढली.

“मनी चूल बी बंद शे. सुतकना घरले शेजारी भाकर देतस, तीच ही. आर्धी मी खादी. झिपरूनं सुतक तुले बी शे. ही आर्धी तुनी.”

मोरेश्वर तिच्या शेजारी बसला आणि हात न धुताच त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.