नरसिंहाचा जबडा

सुनेनं मला न विचारता नरसिंहाच्या मुखवट्याला रंग फासला! गावचा बोहाडा, देवांची सोंगं नाचवायचा उत्सव, तोंडावर आलाय, त्यात हे सोंग नाचवायचा मान आमच्या घराचा. "माहेरी कधी सोंग पाहिलंस का गं?" सगळ्या आळीदेखत मी तिला झापलं. ती हंडा उचलून पाण्याला गेली.

तणतणत मुखवटा उचलला, तर जबडा तिनं कागदाच्या लगद्यानं नव्यानं घडवलेला. मग आठवलं. आमचे मालक वारल्यावर मीच मुखवटा धान्याच्या कणगीमागं टाकला होता; उंदरांनी कुरतडला असणार. एवढं ऐकूनही तिनं लोकांपुढं माझं नाव घेतलं नाही. तोंड कुठं लपवू असं झालं मला.

ती हंडा घेऊन आली, डोळे लालभडक.

"यंदा सोंगापुढं मानाची मशाल तू धरायचीस," मी म्हणाले. "आणि रडायचं तर लांब बस, रंग ओला आहे अजून."