ट्रकचं इंजिन

"हे इंजिन म्हणायचं की भंगाराचं पोतं?" बोनेट वर होताच रॉइसने नाक मुरडलं.

व्हर्जिल ऐकत होता. सत्तरी उलटलेला, गाड्यांच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. कोठाराच्या दारात घडीची खुर्ची टाकून तो कॉफी पीत बसला होता. एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी विकायची जाहिरात त्याचीच.

रॉइसने गाडी जाहिरातीतल्या फोटोतच ओळखली होती. मागच्या चाकावरच्या पत्र्यातला पोचा त्याच्या लहानपणच्या सायकलने पाडलेला. गाडी त्याच्या बापाची. आई रॉइसला घेऊन घर सोडून गेली, आणि महिन्याभरात बापाने गाडी विकून दारूत घातली, असं आई सांगायची. रॉइसला ते खरं वाटायला वेळ लागला नाही. बापाने ठेवलेलं नाव आणि बापाचं आडनाव, दोन्ही त्याने मोठं झाल्यावर कोर्टात जाऊन टाकून दिली. बाप गेल्याचं वर्षभराने कानावर आलं तेव्हा तो 'सुटलो' एवढंच म्हणाला. बाप त्याला नको होता. गाडी मात्र हवी होती, आणि ती हातची गेली तर आपण आयुष्यभर हळहळू हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण ओहायोतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक गोष्ट शेंबडं पोरही जाणतं. माल आवडला की त्याला शिव्या घालायच्या. डोळे चमकले की मेलात. रॉइस या कलेत चांगला मुरलेला होता. त्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"चालू करा काका. बघू तरी, मेलेलं उठून बसतंय का."

व्हर्जिलने उठून चावी फिरवली. आठही सिलिंडर एका दमात जागे झाले आणि कोठाराचे पत्रे थरथरले. याच आवाजाकडे कान लावून रॉइस लहानपणी खिडकीशी बापाची वाट बघायचा. त्याने पाठ फिरवून खोकल्याचं सोंग केलं.

"धूर केवढा सोडतंय!"

"मला नाही दिसत धूर," व्हर्जिल म्हणाला.

"तुमच्या नजरेचं काय घेऊन बसलात काका? आणि हे बघा." त्याने चिंधीने इंजिनावरची काजळी पुसली. "इथला नंबर आणि गाडीचा नंबर एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. हे ट्रकचं इंजिन आहे. कुठल्या तरी मेलेल्या ट्रकमधून उचलून यात कोंबलंय. मूळचं असतं तर गोष्ट वेगळी होती."

नंबर बघायची त्याला गरजच नव्हती. भंगारवाल्याकडून ते इंजिन आणलं तेव्हा तो बापाच्या शेजारी बसला होता. अख्खा हिवाळा दोघं त्याच्यामागे होते. आतले बोल्ट त्याने आवळले, कारण बापाचे पंजे तिथवर जात नव्हते. त्या हिवाळ्यात बापाने दारूला शिवलंही नव्हतं. पण बाजारात न जुळणारा नंबर म्हणजे निम्मी किंमत, आणि हातात आलेलं हत्यार कोण टाकतो?

"ज्याने बसवलंय त्याने जीव ओतून बसवलंय," व्हर्जिल म्हणाला.

"जीव ओतला असेल हो, अक्कल ओतायची राहिली. बेवड्याचं काम आहे हे. बघताक्षणी कळतं."

हे बोलून त्याला फार बरं वाटलं. सकाळपासून एवढंच काय ते तो मनापासून बोलला होता.

व्हर्जिलने कप खाली ठेवला. "तू ओळखायचास हार्लनला?"

"कोण हार्लन?"

"आधीचा मालक. हार्लन बोडेट."

हार्लन आपला बाप हे खरं सांगितलं, तर म्हातारा किंमत आभाळाला नेऊन भिडवील. बापाच्या गाडीसाठी आलेल्या पोराला नागवल्याशिवाय कोण सोडतो?

"छे हो. असल्या लोकांत आपली ऊठबस नाही."

"आणि इंजिन तुला अगदीच टाकाऊ वाटतंय?"

"फुकट दिलंत तरी आधी हे काढून भंगारात टाकीन. गाडी नेतोय हेच उपकार समजा."

व्हर्जिलने इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि बोनेट दोन्ही हातांनी हळूच खाली आणलं.

"मग राहू दे, पोरा."

"अहो, असं काय करता! बोलायची एक रीत असते. तुमचा आकडा तर सांगा."

"आकडा कसला? गाडी माझी आहेच कुठे? आपल्याच हातून दारूपायी विकली जाईल, या भीतीने हार्लनने ती माझ्याकडे आणून ठेवली. पुढे दारू सुटली, पण बायकोपोराचा पत्ता लागेना. मरताना म्हणाला, पोराला दे. एक पैसा घेऊ नकोस."

रॉइसने हातातली चिंधी खाली टाकली. "मग विकायची म्हणून जाहिरात कशाला?"

"नाव घालून शोधलं असतं तर दहा लबाड 'मीच तो' म्हणत आले असते. म्हणून विकायची म्हणतो. लोक येतात, बोलतात. मी ऐकत बसतो."

"काका, मीच तो," रॉइस म्हणाला. "मीच हार्लनचा मुलगा."

व्हर्जिलने त्याच्याकडे किळस आल्यासारखं पाहिलं.

"आत्ता तर तू हार्लनला ओळखतही नव्हतास! आणि खूण त्याने मला एकच सांगून ठेवलीय. म्हणाला, नाव बघू नकोस, चेहरा बघू नकोस. सगळ्या जगाने या इंजिनाला नावं ठेवली, तरी माझं पोर ठेवणार नाही."